लढाईत आपला क्लास कुचकामी वाटतोय? कॅरॅक्टर बदलण्याआधी हे तपासा

"भिया, हा मंक बदलून दे. लढाईत माझ्यानं काहीच होत नाहीये."

इंदूरला रामबागेत आमच्या घरी दर शनिवारी रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्स हा एकेक पात्र घेऊन, फासे टाकून खेळायचा कथाखेळ चालतो. डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या, खुर्चीत बसून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यावरचा उपाय आता क्रमानं लिहून ठेवावासा वाटला. मंक हा एक क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार. त्याच्या जागी कधी वॉरलॉक असतो, कधी रेंजर, कधी बार्ड. नवं कॅरॅक्टर करून दिलं की चार-पाच शनिवार बरे जातात आणि मग त्याच खेळाडूकडून तेच वाक्य नव्या क्लासबद्दल येतं. त्यावरूनच लक्षात येतं की बिघाड बहुतेक वेळा क्लासमध्ये नसतो.

खालचे आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांचे आहेत, कारण आम्ही तेच खेळतो. २०२४ च्या पुस्तकात जिथे मोठा फरक आहे तिथे तसं लिहिलंय.

लक्षणं

खेळाडूची पाळी येते, तो "मी मारतो" म्हणतो, फासा टाकतो आणि मोबाइल उचलतो. लढाई संपली की कुणी किती नुकसान केलं याची बेरीज निघते आणि तो गप्प होतो. कॅरॅक्टर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच आडवं पडतं. किंवा उलट, खेळातला दिवस संपतो तरी निम्मे स्पेल स्लॉट (मंत्र टाकायचे मोजके मोके) तसेच शिल्लक असतात, कारण "पुढे लागतील" म्हणून ते जपून ठेवलेले. आणखी एक लक्षण चटकन दिसत नाही: बाकीचे चौघं बेत आखतात आणि त्यात याचं नावच येत नाही. हे दिसलं की मी सावध होतो, कारण यानंतर महिन्याभरात खेळाडू यायचाच बंद होतो.

एक गोष्ट मात्र बिघाडात धरू नका. हल्ल्याचा बोनस +५ आणि शत्रूचा एसी, म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा, १५ असेल तर २० बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त लागतात, म्हणजे ५५ टक्के शक्यता. सलग तीन वार हुकण्याची शक्यता ९ टक्के उरते. पाच जणांच्या टेबलावर हे जवळजवळ प्रत्येक शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येणारच. एका वाईट रात्रीवरून क्लास तोलू नका. तीन लढाया होऊ द्या.

पहिली तपासणी: शीटवरची बेरीज (पाच मिनिटं, एक पेन्सिल)

सगळ्यात स्वस्त तपासणी ही, आणि सगळ्यात जास्त वेळा चूक इथेच सापडते. हल्ल्याचा बोनस म्हणजे अ‍ॅबिलिटी मॉडिफायर (ताकद, चपळाई अशा गुणाचा आकडा) अधिक प्रोफिशियन्सी (लेव्हलबरोबर वाढणारी सरावाची भर). पाचव्या लेव्हलला प्रोफिशियन्सी +२ ची +३ होते आणि शीटवर ती बदलायची राहून जाते. मंकच्या ठोशाला स्ट्रेंग्थऐवजी (ताकदीऐवजी) डेक्स्टेरिटी (चपळाई) लावता येते, हे माहीत नसतं. नुकसानीत मॉडिफायर मिळवायचाच विसरतात. बोनसमधला प्रत्येक एक आकडा म्हणजे २० पैकी एक बाजू, म्हणजे ५ टक्के. असे दोन-तीन आकडे गळाले की माणसाला वाटतं नशीबच फिरलंय.

आमच्याकडे बारावीतली एक मुलगी चोर खेळायची. (रोग या क्लासला आम्ही चोरच म्हणतो. १९७५ साली हा क्लास आला तेव्हा त्याचं नाव थीफच होतं, आणि मराठीत "मी रोग आहे" म्हणायला कुणालाच आवडत नाही.) पाचव्या लेव्हलला पोचूनही ती स्नीक अटॅकचा (संधी साधून केलेल्या वाराच्या जादा नुकसानीचा) एकच डी६, म्हणजे सहा बाजूंचा फासा, टाकत होती, आणि तोही फक्त लपून वार केला तर. खरं म्हणजे त्या लेव्हलला तीन डी६ मिळतात, सरासरी साडेतीनऐवजी साडेदहा. आणि लपण्याची सक्ती नाहीच. लक्ष्याचा दुसरा एखादा शत्रू, म्हणजे आपला साथीदार, त्या लक्ष्यापासून ५ फुटांत उभा असेल आणि आपल्या वारावर दोन फासे टाकून कमी आकडा धरायला लावणारा डिसअ‍ॅडव्हांटेज नसेल, तर एवढं पुरतं. हत्यार फिनेसचं (चपळाईनं चालवायचं) किंवा लांबून मारायचं असलं की झालं. तिनं शीट दुरुस्त केलं आणि त्याच रात्री तिची तक्रार संपली. पुढे काहीच तपासावं लागलं नाही.

दुसरी तपासणी: पाळी पूर्ण वापरली जाते का?

एका पाळीत अ‍ॅक्शन, चालणं आणि क्लासनं दिली असेल तर बोनस अ‍ॅक्शन मिळते. शिवाय फेरीत एक, दुसऱ्याच्या पाळीतही वापरता येणारी, रिअ‍ॅक्शन असते. नवखा खेळाडू यातलं एकच वापरतो आणि मग क्लास अर्धा दिसतो.

एका कागदावर चार रकाने करा आणि प्रत्येकात आपल्या कॅरॅक्टरला काय करता येतं ते लिहा. मंकवाल्याचा बोनस अ‍ॅक्शनचा रकाना भरताना लक्षात ठेवा: ठोसा किंवा मंकचं हत्यार वापरून अटॅक अ‍ॅक्शन घेतली की एक जादा ठोसा फुकट मिळतो. की पॉइंट (मंकची खर्चायची ताकद) लागतो तो फ्लरी ऑफ ब्लोजला, म्हणजे दोन ठोशांना. हा फुकटचा ठोसा न मारणारे मंक मी तीन पाहिलेत. चोराला दुसऱ्या लेव्हलपासून कनिंग अ‍ॅक्शन आहे, म्हणजे वार करून त्याच पाळीत सटकता येतं. फायटरनं प्रोटेक्शन स्टाइल घेतली असेल आणि हातात ढाल असेल, तर शेजारच्या साथीदारावरच्या हल्ल्याला रिअ‍ॅक्शननं डिसअ‍ॅडव्हांटेज लावता येतो. रिअ‍ॅक्शनचा रकाना लढाईभर कोरा राहिला असेल तर आधी तो भरा.

तिसरी तपासणी: आपण मोजतोय काय?

इथे थोडं थांबावं लागेल.

१९७४ साली हा खेळ आला तेव्हा क्लास तीनच होते: फायटिंग मॅन, मॅजिक-यूझर आणि क्लेरिक. कोण काय करणार हे नावावरूनच कळायचं. २००८ च्या चौथ्या आवृत्तीनं तर प्रत्येक क्लासवर भूमिकेचा शिक्काच मारला: डिफेंडर, स्ट्रायकर, लीडर, कंट्रोलर. २०१४ च्या पुस्तकात क्लास १२ झाले आणि हे शिक्के गेले. माझ्या मते ते चांगलंच झालं, पण आपला क्लास लढाईत नेमका कशासाठी आहे हे शोधायचं काम त्यामुळे खेळाडूवर आलं. आमच्या टेबलावर आम्ही चार साधे शब्द वापरतो: अडवणारा, मारणारा, सावरणारा आणि बांधून ठेवणारा. केलेल्या नुकसानीची बेरीज ही फक्त मारणाऱ्याची मोजपट्टी आहे. तिनं बाकी तिघांना मोजलं तर ते नापासच होणार.

इंदूरकरांना हे समजवायला मला फार वेळ लागत नाही. होळकर स्टेडियमवर ८ डिसेंबर २०११ ला सेहवागनं १४९ चेंडूंत २१९ केल्या, त्या सगळ्यांच्या तोंडावर असतात. पण याच शहरात जन्मलेल्या राहुल द्रविडनं कसोटीत ३१,२५८ चेंडू खेळून काढले. त्याला स्ट्राइक रेटवर तोलायचं कुणी मनातही आणत नाही.

आता आकड्यांनी पाहू. तिसऱ्या लेव्हलचा क्लेरिक पहिल्या लेव्हलचा एक स्लॉट आणि एक अ‍ॅक्शन खर्चून दोनपैकी एक करू शकतो. गायडिंग बोल्ट: चार डी६, सरासरी १४, लागण्याची शक्यता ५५ टक्के, म्हणजे हिशेबात ७.७. शिवाय लागला तर पुढच्या साथीदाराच्या वाराला दोन फाशांतला मोठा आकडा धरायची मुभा, म्हणजे अ‍ॅडव्हांटेज. किंवा ब्लेस: तिघांच्या प्रत्येक वारात एक डी४, सरासरी अडीच, म्हणजे लागण्याची शक्यता साडेबारा टक्क्यांनी वाढते. तिघं फेरीत एकेक वार करत असतील आणि वार लागला की ८ नुकसान होत असेल, तर फेरीला ३ जास्त. लढाई दोन फेऱ्यांत आटपणार असेल तर गायडिंग बोल्ट सरस. चार फेऱ्या चालली तर ब्लेसचे १२ होतात, आणि सेव्हिंग थ्रोला (संकट टाळायच्या फाशाला) मिळालेली मदत वेगळीच. एकाग्रता मात्र टिकायला हवी, म्हणून ब्लेस टाकलेल्या क्लेरिकनं पुढे जाऊन मार खाऊ नये. यातला गोंधळ एवढाच की ते १२ फायटर आणि चोराच्या नावावर लिहिले जातात. क्लेरिकच्या रकान्यात शून्य.

मंकचंही तसंच. पाचव्या लेव्हलच्या मंकची विझ्डम १६ असेल तर स्टनिंग स्ट्राइकचा (शत्रूला सुन्न करणाऱ्या वाराचा) डीसी, म्हणजे सुटायला शत्रूनं गाठायचा आकडा, १४. ओगर या राक्षसाचा कॉन्स्टिट्यूशन (तब्येतीचा) सेव्ह +३, म्हणजे तो निम्म्या वेळा सापडतो. सापडला की त्याची एक पूर्ण पाळी गेली. ओगरचा वार सरासरी १३ चा आणि हल्ल्याचा बोनस +६. एसी १६ च्या माणसाला तो ५५ टक्के वेळा लागतो. म्हणजे एका की पॉइंटनं थांबवलेली ती पाळी साधारण ७ नुकसानाची होती, आणि तोवर सगळ्यांचे वार त्याच्यावर अ‍ॅडव्हांटेजनं पडले. नुकसानीच्या वहीत यातलं काहीच उतरत नाही.

म्हणून तीन लढाया एक वही ठेवा. चार गोष्टी लिहा: केलेलं नुकसान, स्वतः झेललेलं किंवा निम्मं केलेलं नुकसान, शत्रूच्या वाया घालवलेल्या पाळ्या, आणि आपल्या मदतीमुळे लागलेले दुसऱ्याचे वार. रेजमधल्या, म्हणजे चवताळलेल्या, बार्बेरियननं २० चा वार खाऊन १० च अंगावर घेतले, तर वाचलेले १० दुसऱ्या रकान्यात जातात. बार्डनं दिलेला इन्स्पिरेशनचा फासा मिळवल्यामुळेच वार लागला तर तो चौथ्यात. ही वही तक्रार करणाऱ्यानंच ठेवावी असं मी सांगतो. आपलं काम आपल्याच अक्षरात लिहिलेलं पाहिलं की पटतं.

चौथी तपासणी: उभं कुठे राहता?

पाचव्या लेव्हलला, कॉन्स्टिट्यूशन १४ धरून, मंकचे एचपी (जीव मोजायचा आकडा) साधारण ३८ आणि एसी १६. साखळी चिलखत आणि ढालवाल्या फायटरचे ४४ आणि १८. म्हणजे मंक भिंतीसारखा उभा राहायला बनलेलाच नाही. त्याची चाल ४० फूट आहे. त्याचं काम बगलेनं पळत जाऊन मागे उभ्या असलेल्या जादूगाराला गाठणं. मंक दुसऱ्या फेरीत पडत असेल तर तो बहुधा फायटरच्या जागेवर उभा असतो.

लांबून मारणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. मध्ये दुसरं कुणी उभं असेल तर लक्ष्याला अर्धी आड मिळते, एसी २ नं वाढतो. आणि शत्रू ५ फुटांत आला असेल तर आपल्या बाणाला डिसअ‍ॅडव्हांटेज. नकाशा नसेल तर चौकड्यांच्या वहीवर शर्टाची बटणं ठेवून खेळा. तोंडी खेळात या दोन गोष्टी हमखास सुटतात.

पाचवी तपासणी: दोन विश्रांतींमध्ये किती लढाया होतात?

खरं दुखणं मला सगळ्यात जास्त वेळा इथे सापडलंय. ही तपासणी चौथ्यानंतर ठेवली ती एवढ्याचसाठी की यात सगळ्या टेबलाची सवय बदलावी लागते.

२०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये एका साहसी दिवसाचा अंदाज दिलाय: मध्यम किंवा अवघड अशा सहा ते आठ चकमकी आणि मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती). आमचा खेळ आठला सुरू व्हायचा, साडेअकराला सगळ्यांना सराफ्यात खायला जायची घाई. एक मोठी लढाई झाली की खेळातही रात्र व्हायची आणि लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती, खर्चलेली ताकद परत भरते). वर्षभर हे असंच चाललं होतं आणि त्याचा परिणाम माझ्या लक्षातच आला नव्हता.

पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे दिवसाचे नऊ स्लॉट असतात: चार, तीन आणि दोन. दिवसात एकच लढाई असेल तर तो प्रत्येक फेरीला मोठा स्पेल टाकतो, काही राखून ठेवायची गरजच नाही. त्याच लेव्हलच्या वॉरलॉककडे दोनच स्लॉट, पण ते शॉर्ट रेस्टला परत येतात. दोन शॉर्ट रेस्ट मिळाल्या तर दिवसाचे सहा, तेही सगळे तिसऱ्या लेव्हलचे. मिळाल्या नाहीत तर दोनच. मंकचे की पॉइंट पाच, दोन शॉर्ट रेस्टनं पंधरा. फायटरची अ‍ॅक्शन सर्ज एक, नाहीतर तीन. शॉर्ट रेस्ट काढून टाकली की या तीन क्लासांची दोन-तृतीयांश ताकद गेली, आणि विझार्ड-पॅलाडिनचं त्या मानानं थोडंच गेलं. मग टेबलावर सगळेच म्हणतात, "मंक कमजोर आहे." आमच्या वेळापत्रकानं त्याला कमजोर केलेलं असतं.

हे उमगलं ते आतेभावाच्या वॉरलॉकमुळे. तो सहज म्हणाला, "दादा, आपण तासभर बसतच नाही ना कधी." मग आम्ही खेळातला एक दिवस तीन शनिवारांवर पसरवला. घरी जाताना प्रत्येकानं शीटवर आजची तारीख, उरलेले एचपी, स्लॉट, की पॉइंट पेन्सिलीनं लिहायचे. पुढच्या शनिवारी तिथूनच सुरू. दोन लढायांच्या मध्ये तासाभराची विश्रांती शक्य होईल अशी एखादी जागा मी मुद्दाम ठेवू लागलो: बंद देऊळ, पडका वाडा, नदीकाठची गुहा. ज्यांच्या कथेत दिवसाला एवढ्या लढाया बसतच नाहीत, त्यांच्यासाठी त्याच पुस्तकात दुसरा पर्याय आहे: शॉर्ट रेस्ट आठ तासांची, लाँग रेस्ट सात दिवसांची. प्रवासाच्या कथेला तो छान बसतो.

बदल केल्यावर पहिले दोन शनिवार विझार्डवाला नाराज होता. त्याचं ऐकून घ्या, पण मागे फिरू नका. तिसऱ्या शनिवारी त्यानं स्लॉट राखून ठेवले आणि ऐन वेळी वेब (जाळ्याचा मंत्र) टाकून आख्खी टोळी दारातच अडकवली. बांधून ठेवणारा म्हणून त्याचं काम तेव्हा कुठे दिसलं.

सहावी तपासणी: सबक्लास, स्पेल, आवृत्ती

वरचं सगळं झाल्यावरच इथे या. क्लासचा स्वतःचा दोष कधीकधी असतो, नाही असं नाही. २०१४ च्या बीस्ट मास्टर या सबक्लासच्या (क्लासच्या उपप्रकाराच्या) रेंजरला आपल्या जनावराकडून हल्ला करवायला स्वतःची अ‍ॅक्शन द्यावी लागते. तो ढिलेपणा खेळाडूचा नाही. २०२४ च्या पुस्तकात मंकचा ठोसा पहिल्या लेव्हललाच डी६ आहे आणि की पॉइंटना आता फोकस पॉइंट म्हणतात. बदल हवा असेल तर पूर्ण क्लास नव्या पुस्तकातून घ्या. अर्धा मंक जुना आणि अर्धा नवा असं केलंत की पुढे प्रत्येक लढाईत वाद.

इथे थांबा आणि दुसऱ्याला बोलवा

पाचव्या तपासणीपासून पुढचं काहीही खेळाडूनं एकट्यानं करायचं नाही. विश्रांती, शत्रूंची निवड, आवृत्ती, हे डीएमचं काम आहे. शीटवर मनानं +१ लिहू नका, नेटवर सापडलेला सुधारित क्लास परस्पर आणू नका. वही दाखवा आणि डीएमला विचारा: शत्रूंचे कॉन्स्टिट्यूशन सेव्ह सतत जास्तच का असतात? प्रत्येक वेळी एकच मोठा राक्षस का येतो, फायरबॉलला घोळका का मिळत नाही? हे प्रश्न रास्त आहेत आणि उत्तर द्यायची जबाबदारी डीएमची आहे.

डीएमलाही उलगडत नसेल तर त्यानं थांबावं. तीन लढायांची वही भरली, एक पूर्ण साहसी दिवस शॉर्ट रेस्टसकट खेळून झाला, तरी तक्रार तशीच, तर बाहेरचा अनुभवी डीएम एका संध्याकाळी बोलवा. त्यानं खेळायचं नाही, बाजूला बसून फक्त बघायचं. आमच्याकडे एकदा असे पाहुणे बसले आणि त्यांनी दहा मिनिटांत दाखवून दिलं की एकच खेळाडू बाकी सगळ्यांना त्यांची पाळी कशी खेळायची ते सांगतोय. असल्या बिघाडावर कुठलाही नियम चालत नाही. फासे बाजूला ठेवून बोलावं लागतं, आणि ते त्या खेळाडूशी एकट्यात, चारचौघांत नाही.

आणि जो मुलगा फक्त पाळीच्या वेळी नाही तर सगळीकडेच गप्प झालाय, ज्याची झोप, जेवण, कॉलेज सुटत चाललंय, त्याचं शीट तपासत बसू नका. त्याच्याशी बोला, घरच्या मोठ्यांना कळवा, डॉक्टरांकडे जायला सोबत द्या.

बाहेरचा डीएम बोलावणार असाल तर त्याच्यासाठी तीन गोष्टी तयार ठेवा: सगळ्यांची शीट, तीन लढायांची वही, आणि मागच्या सहा शनिवारांत खेळात किती दिवस गेले, किती लढाया झाल्या, किती वेळा विश्रांती घेतली याची यादी. मी कुणाच्या टेबलावर गेलो तर ही यादी आधी मागतो.